भिंतीला पाठ लावून

सोयाबीनची काढणी उरकली, कापसाची पहिली वेचणी झाली, आणि आता घरोघर एकच बोलणं ऐकू येतं. कुणाची कंबर धरली, कुणाची मान आखडली, कुणाला सकाळी उठल्यावर टाच टेकवत नाही. आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करायच्या आधी अर्धा तास हेच चालतं. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते आपलं अंग आपणच कसं मोकळं करायचं, यावर. त्यासाठी बाजारात फोमचे रोलर मिळतात, तऱ्हेतऱ्हेचे बॉल मिळतात. ते घ्यावेत का, कोणते घ्यावेत, कसे वापरावेत आणि कुठं अजिबात लावू नयेत, ते सांगतो. आम्ही डॉक्टर नाही. वर्षभर हे करून पाहिलं, एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडून शिकून घेतलं, आणि मध्ये चुकलोही. चुकलो ते आधी ऐका असं म्हणणार होतो, पण ते पुढं येईलच.

आधी एक विचारायचं आहे. तुमच्या अंगाला शेवटचं तेल कधी लागलं? आम्ही बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेकींचं उत्तर एकच निघालं, धाकट्या लेकराच्या बाळंतपणात. सव्वा महिना कुणीतरी चोळलं, शेक दिला, मग बंद. आमच्यातल्या एकीचं ते धाकटं लेकरू आता बारावीला आहे. तालमीतल्या पोराला मालिश लागतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. माळेगावच्या जत्रेत कुस्ती धरायची तर अंग रगडून घ्यावंच लागतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळण होते, वर्षभर जू ओढून आंबलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. आणि घरात सासऱ्यांचे पाय कोण दाबतं, लेकराला तेल कोण लावतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिचे खांदे कोण मळणार? फारच झालं तर बाई पालथी पडते आणि नातवाला म्हणते, चल रे जरा पाठीवरून.

तर हा फोमचा रोलर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, पाठीवर चालणारा नातूच आहे. फरक इतकाच की नातवाचा पाय कुठं पडेल ते आपल्या हातात नसतं. तो नेमका मणक्यावर उभा राहतो. रोलर किंवा बॉल असला की जागा आपण ठरवतो आणि वजन किती टाकायचं तेही आपणच ठरवतो.

दिवसभर वाकून विळा चालवला, किंवा मान खाली घालून कापूस वेचला, की काही स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात आणि काही आखडलेले. संध्याकाळी हात लावला तर आत दोरीसारखं, कुठं सुपारीएवढी गाठ लागल्यासारखं जाणवतं. तिथं थोडा वेळ सोसेल इतका दाब दिला की ते सैल पडतं आणि हालचाल मोकळी होते. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना जॅनेट ट्रॅव्हेल नावाच्या बाई त्यांच्या डॉक्टर होत्या. केनेडींना पाठीचा मोठा त्रास होता. या बाईंनी स्नायूंमधल्या अशा दुखऱ्या गाठींवर आयुष्यभर काम केलं, १९८३ साली डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत त्यावर मोठा ग्रंथ काढला, आणि घरच्या घरी टेनिस बॉलवर दाब द्यायला त्या रुग्णांना सांगत.

पण अपेक्षा बेताची ठेवा. २०१९ साली संशोधकांनी रोलरवरचे २१ अभ्यास एकत्र तपासले. त्यातून दिसलं ते एवढंच, की श्रमानंतर रोलर फिरवला तर दुखण्याची जाणीव थोडी कमी होते आणि आधी फिरवला तर अंग थोडं लवचिक होतं. थोडंच. झिजलेला गुडघा यानं भरून येत नाही, सरकलेली चकती जागेवर बसत नाही, चरबी झडत नाही. मोबाईलवरच्या जाहिराती काहीही म्हणोत.

आता खरेदीची गोष्ट. आमच्या गटात बारा जणी. एका मुलीनं मोबाईलवर रोलर दाखवला आणि सगळ्यांनी ठरवलं की गटाच्या पैशातून बारा रोलर मागवायचे. आमच्या हिशेब ठेवणाऱ्या ताई खमक्या. त्या म्हणाल्या, आधी एक आणा, वापरून दाखवा, मग बाकीचे. सातेकशे रुपयांचा एक आला. काळा, टणक, वरून खडबडीत उंचवटे असलेला. पहिल्या दिवशी जिनं त्यावर पोटरी ठेवली ती ओरडलीच. त्याहून मोठी अडचण म्हणजे तो वापरायला जमिनीवर बसावं लागतं, दोन्ही हातांवर अंग तोलून धरावं लागतं. नऊवारी असो की सहावारी, लुगडं आवरायचं की अंग तोलायचं? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली बसलं की उठवेना. आठवड्यात तो रोलर नातवंडांचा घोडा झाला.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. प्रत्येकीनं रोलर घेऊ नये. घ्यायचाच तर गटात मिळून एक घ्यावा, तोही मऊ. निवडताना अंगठ्यानं दाबून बघा. अंगठा थोडा आत गेला पाहिजे आणि काढल्यावर खळगा लगेच भरला पाहिजे. अजिबात दबत नसेल तर आपल्यासारख्या नव्या माणसाला तो नको. दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल तर तो काही महिन्यांत चपटा होणार. उंचवट्यांचा नको, साधा गुळगुळीत घ्या. पाठीसाठी हवा असेल तर तीन फुटी लांब लागतो, पोटरी-मांडीला एक-दीड फुटाचा पुरतो. आणि घरात चार इंची पाइपाचा दीडेक फूट तुकडा उरला असेल, तर त्यावर जुनी गोधडी घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांना दोरीनं बांधा. आमच्यातल्या दोघींकडं तोच आहे. तो विकतच्या रोलरपेक्षा मऊ आहे, आणि जास्त टणक हवा झाला तर गोधडीचा एक वेढा कमी करता येतो.

खरी कामाची वस्तू निघाली ती टेनिस बॉल. पोरं क्रिकेट खेळतात तो. शंभर रुपयांच्या आत मिळतो, वापरून जुना झालेला तर अधिक चांगला, कारण तो मऊ पडलेला असतो. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा, अजिबात नको, तो दगडासारखा लागतो. प्लॅस्टिकचा हलका चेंडू वजनानं पिचकतो. आणि बॉलच नसेल तर चिंध्यांचा करा, लहानपणी करायचो तसा. जुन्या साडीच्या पट्ट्या ताणून गुंडाळायच्या, मोसंबीएवढा झाला की मोज्यात घालून गाठ मारायची. तो टेनिस बॉलपेक्षाही सौम्य असतो. म्हाताऱ्या माणसांना आणि अंगानं बारीक असलेल्या बायांना आम्ही तोच देतो.

आणि जमीन नको, भिंत. हे आम्हाला त्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं आणि आमचं निम्मं काम सोपं झालं. जमिनीवर बॉलवर पडलं की सगळं वजन एका ठिकाणी येतं. भिंतीला उभं राहिलं की वजन पायांवर राहतं. जास्त दाब हवा तर पाय भिंतीपासून थोडे पुढं घ्या, कमी हवा तर मागं. लुगडं सुटत नाही, गुडघ्यावर ताण येत नाही, चुलीवर डाळ शिजत असताना सुद्धा करता येतं. फक्त पायाखाली फरशी ओली नको.

पाठीपासून सुरू करू. दोन बॉल एका मोज्यात घाला आणि मधे गाठ मारा, म्हणजे ते जोडीनं राहतील. ही जोडी पाठ आणि भिंत यांच्या मधे अशी धरायची की मणका दोन बॉलच्या मधल्या खाचेत राहील आणि बॉल मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर येतील. मणक्याच्या हाडावर कधीच दाब नको. दोन खवाट्यांच्या मधे, म्हणजे पाठीवरच्या पंखासारख्या हाडांच्या मधे, ठेवून गुडघे हलके वाकवायचे आणि सरळ करायचे. बॉल आपोआप वरखाली फिरतो. डोक्यावर पाण्याची घागर, गवताचा भारा वाहणाऱ्या बायांना इथं फार बरं वाटतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात पाण्यासाठी केलेल्या खेपा आमच्यातल्या काहींच्या मानेला अजून आठवतात. पण मानेला स्वतःला बॉल लावायचा नाही. मानेच्या पुढं आणि बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असतात. मान आखडली तरी दाब खांद्यावर आणि खवाट्यांच्या मधे द्यायचा. मानेला गरम पाण्याच्या टॉवेलचा शेक पुरे.

कंबर दुखते म्हणून सगळ्या कमरेला बॉल लावतात. करून बघा, बऱ्याच वेळा दुखरी जागा खाली, कुल्ल्याच्या मांसल भागात सापडते. भिंतीला तिरकं उभं राहून एका बाजूचा कुल्ला बॉलवर टेकवायचा आणि हळूहळू गोल फिरवायचं. कुठंतरी एक जागा सापडते, तिथं आपण आपसूक म्हणतो, हां, हेच. तिथं थांबायचं. दिवसभर उकिडवं बसून खुरपण केलेल्या बाईला ही जागा हमखास सापडते. पण दाबल्यावर पायात वीज गेल्यासारखी कळ उतरली किंवा मुंग्या आल्या, तर तिथून बॉल लगेच काढा. तिथं नस दाबली जाते.

किती दाबायचं? आम्ही रुपयाचा हिशेब लावला. दुखणं सोळा आण्यांचं धरलं, तर दाबताना सहा-सात आणे दुखावं, आठ आण्यांच्या वर जाऊ नये. श्वास अडकला, दात आवळले, खांदे कानाशी गेले, की समजा जास्त झालं. एका जागी अर्धा ते एक मिनिट, सावकाश श्वास सोडत. एका अवयवाला दोन मिनिटांच्या वर नको. आमच्यातली एक जण मालिका बघत बघत बॉलवर आडवी पडून राहिली, अर्धा तास. दुसऱ्या दिवशी पाठीवर काळानिळा डाग आणि दुखणं दुप्पट. जास्त दाबलं तर जास्त गुण येतो, ही आपली जुनी खोड आहे. औषधाच्या गोळ्यांचंही आपण तसंच करतो.

टाचेचं दुखणं बायांत फार. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की खिळा रुतल्यासारखं होतं, दहा पावलं चालल्यावर कमी होतं. त्यासाठी खाटेवर किंवा खुर्चीवर बसून तळव्याखाली बॉल घ्या आणि टाचेपासून बोटांपर्यंत फिरवा. बसूनच. उभं राहून सगळं वजन टाकू नका. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी आणि रात्री निजताना, दोन-दोन मिनिटं. ज्यांच्याकडं फ्रिज आहे त्यांनी पाण्याची बाटली गोठवून, फडक्यात गुंडाळून तीच तळव्याखाली पाच-सात मिनिटं फिरवावी. पण साखरेची बीमारी असलेल्यांनी थांबायचं. साखरेमुळं पायाची जाणीव कमी होते, किती दाबलं आणि किती गार झालं ते कळत नाही, जखम होते आणि ती लवकर भरत नाही. त्यांनी पाय डॉक्टरांना दाखवूनच काय ते करावं. आणि अनवाणी चालणं सगळ्यांनीच सोडावं, घरात सुद्धा. मऊ तळाची चप्पल हे टाचेचं अर्धं औषध आहे.

वेचणी करून, विळा धरून कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येतो. ओट्यावर बॉल ठेवून त्यावर हात आडवा टेकवायचा आणि पुढंमागं करायचा. पोटरीला आणि मांडीला मात्र लाटणं सगळ्यात सोयीचं. खाटेच्या काठावर बसून दोन्ही हातांनी लाटणं धरायचं आणि घोट्याकडून गुडघ्याकडं सावकाश फिरवायचं. गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात नाही, नडगीच्या हाडावर नाही. थोडं करडईचं तेल लावलं तर कातडी ओढली जात नाही. लाटणं वेगळं ठेवा, बरं का. आमच्या एका सासूबाईंनी पोळ्यांचं लाटणं पायाला लावलेलं पाहिलं आणि दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. त्यांचं बरोबरच होतं.

आता ती चूक सांगतो. आमच्यातल्या एका काकूंचं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं. तीन आठवडे झाले असतील. एक पोटरी दुखायला लागली. सुजली होती, हाताला गरम लागत होती. आम्ही सगळ्या शहाण्या. पडून राहून गोळा आला असेल म्हणालो. एकीनं लाटणं आणलं, तेल आणलं. तेवढ्यात आशाताई गोळ्या द्यायला आल्या आणि त्यांनी लाटण्यावर हात ठेवला. सुतळी घेतली, दोन्ही पोटऱ्या एकाच जागी मोजल्या. दुखरी पोटरी दोन बोटं जाड भरली. त्याच दिवशी काकूंना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. सोनोग्राफीत निघालं की पायाच्या आतल्या नसेत रक्ताची गाठ धरली आहे. डॉक्टर म्हणाले, चोळलं असतं तर गाठ सुटून फुप्फुसात गेली असती, मग माणूस हाताशी लागत नाही. काकूंना इंजेक्शनं दिली, पुढं कितीतरी महिने गोळ्या चालल्या. त्या आता बैठकीला येतात आणि कुणी लाटणं हातात घेतलं की आधी पाय दाखव म्हणतात.

म्हणून एकाच पायाला सूज, ऊब, लाली, दुखणं असेल, त्यातही ऑपरेशन, बाळंतपण, पाय मोडणं किंवा बरेच दिवस अंथरुणात पडून राहणं झालं असेल, तर त्या पायाला हातही लावायचा नाही. चालवायचं नाही, गाडीनं न्यायचं. फुगलेल्या हिरव्या-निळ्या नसांवर रोलर नको. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर नको. ताजी लचक, मुका मार, जखम, ताप असेल तर नको. गरोदर बाईनं पोट आणि कंबर सोडावी, पायाचंही विचारूनच करावं. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात. थोड्या धक्क्यानं मनगट मोडलेलं आहे, पाठीला पोक येत चाललंय, अशा आजींना रोलर द्यायचाच नाही.

आणि काही दुखणी स्नायूंची नसतातच. कंबर दुखते आणि अंगावरून पांढरं जातं, वास येतो, ओटीपोट दुखतं, तर ते आतल्या सुजेचं असू शकतं. लाज धरून बॉल फिरवत बसू नका. पाठ दुखते, संध्याकाळी बारीक ताप येतो, वजन उतरतंय, तर मणक्याचा क्षयसुद्धा असू शकतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. कंबरदुखीसोबत पायातली ताकद गेली, बसायची जागा बधिर झाली, लघवी-संडास कळेनाशी झाली, तर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. नांदेडच्या बाजूच्यांनी विष्णुपुरीचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं, लातूरकडच्यांनी विलासराव देशमुख शासकीय संस्था. आणि खांदा, जबडा, पाठीचा वरचा भाग एकाएकी दुखायला लागला, घाम फुटला, दम लागला, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. बायांमध्ये छातीत कळ न येताही तो येतो. पाठीत उसण भरली म्हणून चोळत बसण्याआधी १०८ ला फोन लावा.

एक आमच्या मनातलं. आम्ही बॉल फिरवतो, बरं वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच विळ्यानं त्याच वाकण्यात उभ्या राहतो. मग संध्याकाळी परत तेच दुखणं. घरात फवारणीचा नवा पंप येतो, ट्रॅक्टरला नवं औजार येतं, बाईच्या हातात मात्र सासूच्या हातचा बोथट विळा. दातेरी वैभव विळा मिळतो, त्याला ताकद कमी लागते. उभ्यानं चालवायचं सायकल कोळपं मिळतं, त्यानं खुरपणीतलं बरंच बसणं वाचतं. आमच्या बारा रोलरचे जे पैसे वाचले त्यातून गटानं दोन कोळपी घेतली, ती आळीपाळीनं फिरतात. वेचताना कमरेची झोळी गच्च भरेपर्यंत थांबू नका, अर्धी झाली की रिकामी करा. मुकादम कुरकुरला तर कुरकुरू द्या.

आज रात्री एवढंच करा. घरातला जुना बॉल शोधा, नसेल तर चिंध्यांचा बांधा. जेवणं उरकली की दोन मिनिटं तळव्याखाली, दोन मिनिटं भिंतीला पाठ लावून. साखर, सूज, ऑपरेशन यातलं काही असेल तर आधी आशाताईंना विचारा. पुढच्या महिन्यात आम्ही गुडघ्यांवर बोलणार आहोत. तुमच्या गटातले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवा, नाव नाही लिहिलं तरी चालेल.